नाव कुणाचे, किल्ली कुणाकडे?



कारखान्याच्या फाटकावर वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन उभा राहणारा माणूस आज इंटरनेटच्या इतिहासावर बोलायला उभा राहिला आहे, याचे आपणांस नवल वाटले असेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. परंतु अडचण माणसाला जे शिकवते ते पक्के बसते. माझ्या बाबतीत तसेच घडले, म्हणून प्रथम ती अडचण सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनने स्वतःची वेबसाइट काढली. तिच्यासाठी लागणारे नाव, ज्याला डोमेन नाव म्हणतात, ते घेण्याचे काम आम्ही ओळखीच्या एका दुकानदारावर सोपवले. पैसे आमचे, नाव युनियनचे. पुढे त्याने वार्षिक आकार वाढवला, तेव्हा हे नाव दुसरीकडे हलवावे असे कार्यकारिणीत ठरले. तो ‘आज देतो, उद्या देतो’ म्हणू लागला. चौकशी केली तेव्हा कळले की नोंदणीत युनियनचा उल्लेखच नाही; नाव त्याचे, ईमेलचा पत्ताही त्याचाच. बोनसच्या वाटाघाटी ऐन भरात होत्या आणि सभासदांना सूचना द्यायची जागा दुसऱ्याच्या हातात होती! चार महिने हेलपाटे घातले तेव्हा आमचे नाव आम्हांला मिळाले. नाव आपले आणि किल्ली दुसऱ्याकडे, असे का होते, याचा मी तेव्हापासून शोध घेऊ लागलो. त्या शोधाची ही हकीकत आहे.

आरंभी या जाळ्यातील संगणक इतके थोडे होते की त्यांच्या नावांची यादी एका फाइलमध्ये मावत असे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती यादी ठेवली जाई. संगणक वाढले तशी यादी हाताबाहेर गेली. 1983 साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी पद्धत आखली. सारी नावे एकाच वहीत न ठेवता ज्याची त्याने आपापल्या विभागाची वही ठेवावी, आणि वरच्या वहीने खालच्या वहीकडे बोट दाखवावे, असे तिचे स्वरूप. तीच आजची डोमेन पद्धती. ‘डॉट कॉम’ हा तिच्यातला एक विभाग. त्यातील पहिले नाव 15 मार्च 1985 रोजी सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीने नोंदवले.

त्या काळी नाव फुकट मिळे. 1993 पासून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या कंत्राटाने नोंदणीचे काम नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे आले. सप्टेंबर 1995 पासून तिने दोन वर्षांना 100 डॉलर आकार सुरू केला. ‘डॉट कॉम’ला दुकान एकच होते. दुकान एकच असले की गिऱ्हाइकाने जायचे कुठे, हा प्रश्नच उरत नाही. आणि दुकानदाराने काळजी का घ्यावी, हाही प्रश्न उरत नाही.

ही काळजी न घेण्याचे फळ एका खटल्यात दिसले. गॅरी क्रेमेन या गृहस्थांनी 1994 साली एक नाव नोंदवले होते. ते नाव अशा सभेत उच्चारण्यासारखे नाही; त्याला बाजारात मोठा भाव होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. 1995 साली स्टीफन कोहेन नावाच्या इसमाने एक बनावट पत्र पुढे केले. क्रेमेन यांना कंपनीने काढून टाकले आहे, हे नाव कोहेन यांना द्यावे, असा त्यातला मजकूर. आमच्याकडे इंटरनेट नाही म्हणून पत्राने कळवतो, असेही त्यात होते. आणि ज्या कंपनीच्या नावाने ते लिहिले होते तिचे नाव काय, तर ‘ऑनलाइन क्लासिफाइड्स’! नेटवर्क सोल्यूशन्सने क्रेमेन यांना एका शब्दाने विचारले नाही. नाव कोहेनकडे गेले. क्रेमेन कोर्टात गेले. 2000 साली त्यांना नाव परत मिळाले आणि 2001 साली कोहेनविरुद्ध 6 कोटी 50 लाख डॉलरचा हुकूमनामा झाला. परंतु कोहेन तोवर देश सोडून गेला होता. अखेर 25 जुलै 2003 रोजी वरच्या न्यायालयाने निर्णय दिला की डोमेन नाव ही मालमत्ता आहे, आणि ती भलत्याच्या हाती देणारी कंपनी जबाबदार धरता येईल. पुढच्या वर्षी कंपनीने तडजोड केली.

दरम्यान एकच दुकान असण्याची पद्धत मोडली होती. 1998 साली आयकॅन ही संस्था स्थापन झाली. 1999 साली प्रथम पाच कंपन्यांना ‘डॉट कॉम’ची नावे विकण्याची परवानगी मिळाली, आणि मागाहून आणखी पुष्कळ आल्या. या व्यवस्थेत मुख्य वही सांभाळणारी रजिस्ट्री एकच. तिला ठोक व्यापारी समजा. गिऱ्हाइकाशी व्यवहार करणारे रजिस्ट्रार अनेक. ते किरकोळ दुकानदार. गिऱ्हाइकाला एका रजिस्ट्रारकडून उठून दुसऱ्याकडे जाता यावे, हा या स्पर्धेचा प्राण होता. नाव तेच राहते, वहीतली मुख्य नोंद तीच राहते. बदलतो तो फक्त मधला दुकानदार. कागदावर काम सोपे आहे. परंतु एक पेच होता: जुन्या दुकानदाराच्या सहकार्याशिवाय ते होत नसे, आणि गिऱ्हाईक जाण्यात नुकसान होते ते त्याचेच.

येथे मला आमच्या चळवळीच्या इतिहासातली एक गोष्ट आठवते. 1859 च्या कायद्याने, उचल घेऊन काम सोडणाऱ्या कामगाराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून तुरुंगात धाडता येत असे. तो कायदा 1925 साली रद्द झाला. कामगार मोकळा झाला खरा, परंतु त्याचा दाखला, त्याच्या फंडाचे कागद मालकाच्या कपाटातच राहिले. सोडून जाण्याचा हक्क मिळाला की लढाई संपली असे आम्हांला वाटते. कपाटाची किल्ली मागायला गेल्यावर खरी लढाई कळते.

नावांच्या बाबतीत हेच झाले. गिऱ्हाइकाने नव्या रजिस्ट्रारकडे अर्ज केला की काही मोठे जुने रजिस्ट्रार त्याला ईमेल पाठवून विचारीत, ‘तुम्ही खरोखर जाता का?’ त्याचे उत्तर आले नाही, तर ते अर्ज नाकारीत. पत्ता जुना असो, ईमेल पोचलेला नसो, गिऱ्हाइकाचे मौन म्हणजे नकार! चोरी टाळण्यासाठी हे करतो, असे ते म्हणत. नवे रजिस्ट्रार म्हणत की हे गिऱ्हाईक डांबून ठेवणे आहे. 2001 साली आयकॅनमध्ये यावर समिती बसली, 2003 साली तिचा अहवाल आला, आणि 12 नोव्हेंबर 2004 पासून नवा नियम लागू झाला. गिऱ्हाइकाची संमती घेण्याची जबाबदारी नव्या रजिस्ट्रारवर आली. जुन्याने पाच दिवसांत ठराविक कारण दाखवून हरकत घ्यावी. तो गप्प राहिला तर स्थलांतर होईल. येणाऱ्या मुदतीच्या पैशांवरून वाद आहे, एवढ्यावर त्याला अडवता येईना. मौनाचा अर्थ उलटला: काल ‘नाही’ होता, आज ‘होय’ झाला.

हा विजय होता, पण लगेच त्याची दुसरी बाजू दिसली. पॅनिक्स ही न्यूयॉर्कमधील 1989 पासून इंटरनेट सेवा देणारी कंपनी. 15 जानेवारी 2005, शनिवार. पॅनिक्सच्या लोकांना आढळले की आपले नाव आपल्याकडे नाही! ते मेलबर्न आयटी या ऑस्ट्रेलियातील रजिस्ट्रारकडे गेले होते, पत्ते दाखवणारे संगणक ब्रिटनमधले झाले होते आणि गिऱ्हाइकांची टपाले कॅनडाकडे वळली होती. आपल्याला पूर्वसूचना मिळाली नाही, असे पॅनिक्सने सांगितले. शनिवार-रविवारची सुट्टी असल्यामुळे मेलबर्नला कुणी दाद घेईना. सोमवार उजाडला तेव्हा नाव परत फिरले. त्या रजिस्ट्रारच्या वतीने काम करणाऱ्या उपविक्रेत्याने मालकाची संमती तपासलीच नव्हती, हे पुढे उघड झाले. नवा नियम लागू होऊन दोनच महिने झाले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये आयकॅनच्या सुरक्षा समितीने अशा चोऱ्यांवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला.

मित्रहो, यातून मी एक धडा घेतला. मौनाचा अर्थ ‘नाही’ धरला तर प्रामाणिक माणूस अडकतो. ‘होय’ धरला तर चोराचे फावते. म्हणून मौनावर विसंबायचेच नाही, मालकाच्या हाती किल्ली द्यायची, हा मार्ग उरतो. तो हळूहळू रुळला. नावाला कुलूप घालता येते, त्यामुळे स्थलांतर आपोआप होत नाही. आणि प्रत्येक नावाला एक गुप्त संकेत असतो, तो दाखवल्याशिवाय नवा रजिस्ट्रार ते घेऊ शकत नाही. मालकाने मागितल्यावर संकेत पाच दिवसांत दिला पाहिजे, असाही नियम झाला.

परंतु किल्ली देणाराच बुडाला तर? रजिस्टरफ्लाय या अमेरिकन रजिस्ट्रारच्या बाबतीत हेच घडले. भागीदारांत भांडणे लागली. लोकांनी नूतनीकरणाचे पैसे भरले तरी नावांची मुदत संपू लागली. संकेत मागावा तर उत्तर देणारा कुणी नाही. मार्च 2007 मध्ये आयकॅनने मान्यता काढण्याची नोटीस दिली आणि मे महिन्यात सुमारे साडेआठ लाख नावे गोडॅडी या रजिस्ट्रारकडे सोपवण्यात आली. आपला पत्ता लोकांना दिसू नये म्हणून ज्यांनी जादा पैसे मोजले होते, त्यांचे हाल अधिक झाले. कारण उघड नोंदीत त्यांचे नावच नव्हते! त्यानंतर प्रत्येक रजिस्ट्रारने आपल्या नोंदींची प्रत तिऱ्हाइताकडे ठेवावी, या जुन्या अटीची अंमलबजावणी सुरू झाली. माणसे बुडाल्यावर विहिरीला कठडा बांधण्याची रीत सगळ्या जगात आहे.

आपल्याकडे मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर झाली. 1900 या क्रमांकावर संदेश धाडला की संकेत यंत्रानेच येतो. जुन्या कंपनीच्या कारकुनापुढे उभे राहावे लागत नाही. हक्काला किल्लीची जोड दिली म्हणजे सामान्य माणसालाही तो वापरता येतो, याचा हा चांगला दाखला आहे.

2014 च्या ऑगस्टपासून ‘डॉट भारत’ हा देवनागरी विभाग सुरू झाला आहे. आपल्या पतपेढ्या, वाचनालये, मंडळे मराठीत नाव घेऊ शकतात. त्यांना माझे चार शब्द. नाव संस्थेच्या नावाने नोंदवा, दुकानदाराच्या किंवा चिटणिसाच्या नव्हे. नोंदणीतला ईमेल संस्थेचा असू द्या, आणि तो बदलला तर त्याच दिवशी नोंदणीत बदला. मुदत कधी संपते ते सभेच्या इतिवृत्तात लिहा. कुलूप घालून ठेवा, आणि ते उघडायचे कसे हे किमान दोघांना ठाऊक असू द्या.

आमच्या युनियनच्या कपाटात आता एक जाड पाकीट आहे. त्यावर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या आहेत आणि दरवर्षी निवडणुकीनंतर ते नव्या कार्यकारिणीच्या स्वाधीन केले जाते. त्यात पैसे नाहीत, आमच्या नावाची किल्ली आहे.