डोंगराला वणवा, करंजाडेत धूर : हवा कधी बिघडते, का बिघडते आणि घरात-गावात काय करायचं?

पनवेल : होळीच्या आगेमागे पनवेल, कर्जत, खालापूर, पेण या तालुक्यांतले डोंगर रात्री पेटलेले दिसतात. सकाळी उठल्यावर करंजाडे, वडघर, पनवेल भागात धुरकट पडदा दिसतो आणि जळकट वास येतो. बरेचजण त्याला धुकं समजून मॉर्निंग वॉकला निघतात, मुलं शाळेच्या बससाठी उभी राहतात. धुकं आणि धूर यांत फरक आहे. हा धूर कुठून येतो, मोबाईलवर दिसणारा हवेचा आकडा कसा वाचायचा, दम्याच्या माणसाला कसं जपायचं आणि वणवा लागूच नये म्हणून गावाने काय करायचं, याची माहिती एका ठिकाणी देत आहोत.

करंजाडेतच का जाणवतं?

करंजाडे ही पनवेल शहराला लागून, गाढी नदीच्या पलीकडे सिडकोने वसवलेली वसाहत. मूळ गाव जुनं, त्याच्याभोवती आता इमारती. नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे या गावांतल्या कुटुंबांचं पुनर्वसन वडघर-करंजाडे भागातच झालं. म्हणजे इथं राहणाऱ्या कितीतरी माणसांचा काल-परवापर्यंत शेतीशी संबंध होता आणि आजही त्यांचे सोयरे डोंगराकडच्या गावांत आहेत.

जागा मात्र धुराच्या आणि धुळीच्या मधोमध आहे. ईशान्येला माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड यांची रांग, दक्षिणेच्या अंगाला कर्नाळ्याचा डोंगर. जवळच विमानतळ. त्यासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, तरी आजूबाजूची बांधकामं सुरूच आहेत. जेएनपीए बंदराकडे जाणारे कंटेनर याच पट्ट्यातून धावतात आणि उत्तरेला तळोजा एमआयडीसी आहे. हवेत रोजची भर आधीच असते. त्यात वणव्याचा धूर उतरला की श्वास घ्यायला जड जातं.

रात्रीचा वारा धूर खाली आणतो

कोकणातल्या माणसाला खारा वारा आणि मतलई वारा नवा नाही. दिवसा जमीन तापते, मग दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा उलटा, डोंगराकडून समुद्राकडे वाहू लागतो. तो मतलई वारा. संध्याकाळी पेटलेल्या डोंगराचा धूर रात्रभर याच वाऱ्याबरोबर उताराने खाली येतो.

दुसरं कारण थंड हवेचं. हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. टोपावर झाकण ठेवावं तसा हा थर धुराला वर जाऊ देत नाही. म्हणून पहाटे ते सकाळी नऊ-दहापर्यंत धूर जमिनीलगत दाट असतो. ऊन चढलं, जमीन तापली की झाकण उघडतं आणि हवा मोकळी होते. ज्या दिवशी वारा पडलेला असतो, त्या दिवशी दुपारपर्यंतही सुटका नाही.

धुरात असतं काय?

डोळ्यांना दिसतो तो धूर, पण खरं नुकसान न दिसणारे कण करतात. त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. त्याच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढा हा कण नाकातल्या केसांत अडकत नाही. तो थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि त्यातले सगळ्यात बारीक कण रक्तातही उतरतात. सोबत कार्बन मोनॉक्साईड आणि डोळे चुरचुरायला लावणारे वायू असतात. बांधकामाची, रस्त्याची धूळ त्या मानाने जाड असते. ती पीएम १० मध्ये मोजतात.

गवत भडकून जळतं तेव्हा धूर कमी असतो. ओला पाला, खोडं, शेणखुरीचा ढीग धुमसत राहतो तेव्हा धूर जास्त होतो. म्हणून आग विझल्यासारखी दिसली तरी दुसऱ्या सकाळी वास जास्त येतो. कचऱ्याच्या ढिगाला आग लागली तर त्याहून वाईट, कारण प्लास्टिक जळतं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनार डम्पिंग ग्राउंडला आग लागली, तेव्हा धूर कित्येक दिवस राहिला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

धूर किती लांब जातो याचंही उदाहरण आहे. जून २०२३ मध्ये कॅनडाच्या जंगलात लागलेल्या आगींचा धूर शेकडो किलोमीटर दूरच्या न्यूयॉर्क शहरावर आला आणि दिवसाढवळ्या आकाश नारिंगी झालं. प्रबळगड ते करंजाडे हे अंतर त्यापुढे काहीच नाही.

मोबाईलवरचा आकडा कसा वाचायचा?

हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, आपल्या देशात २०१५ पासून सुरू झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ हे ॲप फुकट आहे. पनवेल परिसरातली कळंबोली आणि तोंडरे-तळोजा ही केंद्रं बघावीत. आकड्याचा अर्थ असा :

० ते ५० : चांगली
५१ ते १०० : समाधानकारक
१०१ ते २०० : मध्यम. दमा, हृदयविकार असलेल्यांना त्रास होऊ शकतो
२०१ ते ३०० : खराब
३०१ ते ४०० : अतिखराब
४०१ ते ५०० : गंभीर. धडधाकट माणसालाही त्रास

आता एक मेख लक्षात ठेवा. हा आकडा साधारण २४ तासांच्या सरासरीवर काढतात. समजा पहाटे चार तास धूर दाट होता आणि पीएम २.५ चं प्रमाण घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम होतं. बाकीचे वीस तास ते ४० होतं. सरासरी येते ६७ च्या आसपास, आणि निर्देशांकात ती ‘मध्यम’ दिसते. पण त्या चार तासांत घेतलेली हवा ‘अतिखराब’ दर्जाची होती. आपल्याकडे २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सांगितली आहे. म्हणून ॲपवर पिवळा रंग दिसला तरी नाकाला वास येत असेल तर नाकावर विश्वास ठेवावा.

ॲपवर कोणता घटक सगळ्यात जास्त आहे तेही दिसतं. पीएम १० वर असेल तर धुळीचा वाटा मोठा, पीएम २.५ वर असेल तर धुराचा वाटा मोठा, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. तक्रार सिडकोकडे बांधकामाची करायची की वनखात्याला वणव्याची खबर द्यायची, हे ठरवायला त्याचा उपयोग होतो.

धुराच्या दिवशी घरात काय करायचं?

- पहाटे ते सकाळी दहापर्यंत खिडक्या बंद ठेवा. दुपारी वारा सुटला, वास गेला की उघडा. धूर आत कोंडला असेल तर खिडकी बंद ठेवून उपयोग नाही, हवा मोकळी झाल्यावर घर उघडून तो बाहेर काढा.
- केर झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.
- त्या दिवशी अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल टाळा. चूल बाहेर असेल तर वाऱ्याची दिशा बघून पेटवा.
- चालणं, धावणं, क्रिकेट, भरतीची तयारी सकाळऐवजी संध्याकाळी करा. दमछाक झाली की माणूस कितीतरी पट जास्त हवा ओढतो.
- तोंडाला रुमाल किंवा ओला पंचा बांधल्याने बारीक कण अडत नाहीत. बाहेर पडणं भाग असेल तर एन-९५ मास्क, तोही नाकावर घट्ट बसलेला. दाढीवर तो नीट बसत नाही.
- दम्याचा पंप, रक्तदाबाची गोळी संपायच्या आत आणून ठेवा. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध स्वतःहून बंद करू नका.

लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं, दमा आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना आधी जपायचं. लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा घेतं. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, छातीत दुखत असेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.

वणवा लागतो कसा?

आपल्याकडे वीज पडून वणवा लागणं क्वचितच. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कारणं सगळ्यांना माहीत आहेत : गवत चांगलं येईल म्हणून डोंगर पेटवणं, शिकारीसाठी आग लावणं, विडीचं थोटूक, सहलीला आलेल्यांनी न विझवलेली चूल आणि राब भाजताना सुटलेली आग.

‘जाळलं की गवत चांगलं येतं’ हा समज जुना आहे. राखेमुळे पहिल्या पावसात कोवळा हिरवा फुटवा लवकर दिसतो, हे खरं. पण आगीत चांगल्या गवताचं बी आणि झाडांची रोपं जळतात. उघड्या पडलेल्या उतारावरची राख आणि वरची माती पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याला जाते. मागे राहतं ते जनावर तोंड लावत नाही असं राठ गवत. सोबत करवंदाच्या जाळ्या, आंब्याचा मोहर, पाखरांची घरटी आणि कधी कधी कुणाची पेंढ्याची उडवीही जाते.

राबाचं तसं नाही. भाताचं रोप जोमाने यावं म्हणून पाला, शेण, गवत पसरून जमीन भाजायची ही पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे आणि तिच्यामागे तण मारण्याचा अनुभव आहे. तिला पर्याय मात्र आहेत. गादीवाफ्यावर राब न भाजता रोपं करता येतात. आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात तर राब, चिखलणी आणि लावणी तिन्ही नाहीत. कायम गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. ज्यांना राब भाजायचाच आहे त्यांनी निदान सभोवतालचं गवत काढून घ्यावं, वारा पडलेला बघावा, पाण्याची भांडी जवळ ठेवावीत आणि निखारा विझेपर्यंत जागा सोडू नये.

गावाने काय करायचं?

वणवा विझवण्यापेक्षा तो अडवणं सोपं. फेब्रुवारीच्या मध्यापासून आगीचा हंगाम धरतात, त्याआधी जाळरेषा काढायची. म्हणजे गाव, वाडी, काजू-आंब्याची बाग आणि डोंगर यांच्यामध्ये गवताचा पट्टा कापून मोकळा करायचा. वनहद्दीतली जाळरेषा वनखातं काढतं. गावाच्या बाजूची ग्रामपंचायत आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीने मिळून काढावी. कापलेलं गवत जनावरांना होतं.

आग दिसली की आधी फोन, मग धाव. विझवायला जाणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत, नायलॉनचे नकोत. पायात बूट हवेत. वारा पाठीशी ठेवून हिरव्या डहाळ्यांनी कडेकडेने आग झोडपावी. आग चढणीवर झपाट्याने पळते, म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहू नये. एकट्याने जाऊ नये, चक्कर किंवा डोकं दुखायला लागलं तर लगेच मोकळ्या हवेत यावं.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगी टिपते आणि नोंदणी केलेल्यांना मोबाईलवर संदेश पाठवते. ही नोंदणी सामान्य माणसालाही करता येते. पण उपग्रह काही ठराविक वेळाच डोक्यावरून जातो. गुराख्याची नजर त्याच्याआधी पोहोचते.

कायदा काय सांगतो?

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणं किंवा पेटती आग सोडून जाणं गुन्हा आहे. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३० लागू होतं. राखीव किंवा संरक्षित वनात चराई, लाकूडफाटा असे हक्क असणाऱ्यांवर आगीची खबर देण्याची आणि विझवायला मदत करण्याची जबाबदारी कलम ७९ टाकतं. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५ हजार रुपये, आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५ हजार रुपये दंड ठरवून दिला आहे.

नंबर सेव्ह करून ठेवा

वणवा दिसल्यास वनखात्याची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाईन : १९२६
अग्निशमन : १०१
कोणतीही तातडीची मदत : ११२
रुग्णवाहिका : १०८

फोन करताना डोंगराचं नाव, जवळची वाडी आणि आग कोणत्या बाजूला सरकतेय एवढं सांगितलं तरी पथकाचा वेळ वाचतो. मोबाईलवरून लोकेशन पाठवता आलं तर उत्तम.