वडापची कुळकथा

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेनं निघालं की आधी नसरापूरचा चेलाडी फाटा लागतो, मग कापूरहोळ. पहिल्यावरून उजवीकडे वळलं की वेल्हे, दुसऱ्यावरून भोर. या दोन्ही फाट्यांवर उतरलेल्या माणसाच्या कानावर एक शब्द हमखास पडतो. परिवहन खात्याच्या वाहनप्रकारांत तो सापडायचा नाही. वडाप. जीपला वडाप म्हणतात, जीपच्या धंद्याला वडाप म्हणतात आणि तिच्यातून केलेल्या प्रवासालाही वडापच. ‘वडापनं आलो’, ‘त्याचं वडाप हाय’, ‘पोरगं वडाप करतंय’. एकाच शब्दात वाहन, व्यवसाय आणि वाट. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर ही त्याची हद्द. मराठवाड्यात, विदर्भात याच गाडीला तिच्या रंगावरून ‘काळी-पिवळी’ म्हणतात.

शब्दाची कुळी शोधायची तर मावळातल्या बोलीपासून सुरुवात करावी लागते. इथे शब्दाच्या तोंडचा ‘ओ’ टिकत नाही. ओढ्याचा वढा होतो, ओझ्याचं वझं, ओळखीची वळख. तसं ओढणं इथे ‘वढणं’ होतं. काही जण हा शब्द ‘वढाप’ असाच उच्चारतात आणि लिहितातही. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली पिशवी आधी गाडीत जाते, मग माणूस. जागा नसली तरी आतले चार हात त्याला वढून घेतात. हा शब्द त्या वढण्यातून आला, हे माझं ठाम मत आहे. शेवटच्या ‘आप’मागे मला गडप, हडप, झडप या शब्दांची घराणी ऐकू येतात. तिन्ही शब्द काहीतरी चटकन पोटात घेण्याचे. जीपही तेच करते.

पण शब्दाला गरज लागते, आणि ती गरज डोंगरानं आणि कायद्यानं मिळून तयार केली. गुंजण मावळ, कानद खोरं, हिरडस मावळ, वेळवंड खोरं, रोहिड खोरं ही बारा मावळांतली नावं म्हणजे आजचे भोर आणि वेल्हे तालुके. एकेक खोरं म्हणजे नदीच्या कडेनं गेलेला एकेरी रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना डोंगराला चिकटलेल्या वाड्या. अशा ठिकाणी गाडीला पुरतील एवढी माणसं एका वेळी, एका जागी कधीच नसतात.

भोर संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. तीन महिन्यांच्या आत, 1 जून 1948 ला, पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. बेडफर्डची, लाकडी सांगाड्याची, तीस आसनांची, निळ्या आणि रुपेरी रंगाची. त्याआधी खासगी मोटारी चालत, त्यांना लोक ‘सर्व्हिस’ म्हणत. एसटी आली आणि गावानं तिला आपल्या तोंडात बसवून घेतलं: यष्टी. पुढे रंग लाल झाला तसा ‘लाल डबा’, अलीकडे लाडानं ‘लालपरी’. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी वापरलेल्या गाड्या महामंडळानं घेतल्या आणि दादर–पुणे मार्गावर सोडल्या. तेव्हापासून निमआराम गाडीला ‘एशियाड’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. खेळ कुठे झाले हे ठाऊक नसलेली माणसंही स्वारगेटला ‘एशियाड किती वाजता?’ असं विचारत आली. रात्री शेवटच्या गावात थांबून पहाटे परत निघणारी गाडी ‘मुक्कामी’. तिकीट फाडणारा कंडक्टर ‘मास्तर’. या सगळ्या शब्दांत मला जिव्हाळा दिसतो. सरकारची वस्तू दारात आली, तर तिला घरातलं नाव देऊन आत घेतलं.

मात्र मुक्कामी गाडी पहाटे गेली की पुढची दुपारी. मधल्या वेळात दवाखाना, बाजार, तहसील कचेरी गाठायची कशानं? कायद्याच्या भाषेत थांबे घेत, प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेत माणसं नेणं म्हणजे ‘टप्पा वाहतूक’, आणि तो हक्क एसटीचा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार परवान्याच्या बाहेर जाऊन प्रवासी नेता येत नाहीत. म्हणून कागदावर या जीपचं नाव ‘अवैध प्रवासी वाहतूक’. एसटी स्थानकापासून 200 मीटरच्या आत तिनं उभं राहायचं नाही. मला वाटतं, वडाप हा शब्द रुजला तो इथेच. ज्या गाडीनं अडलेली बाई रात्री दवाखान्यात पोचवली, तिला अवैध म्हणायला कुणाची जीभ रेटणार? लोकांना वेगळा शब्द हवा होता, त्यांनी तो घडवला.

या शब्दाच्या मागोमाग त्याचा गोतावळा आला. वडापमध्ये प्रवासी नसतात, ‘शीट’ असतात. ‘दोन शिटा कमी हायेत, भरल्या की निघू.’ क्लीनरचा ‘किन्नर’ झाला. तो मागच्या पायरीवर लटकून गावांची नावं ओरडतो. छप्पर म्हणजे ‘टप’, तिथे पोती, कोंबड्या आणि गर्दीच्या दिवशी पोरं. समोरून येणाऱ्या गाडीनं दिवे मिचकावले की समजायचं, पुढे ‘मामा’ आहेत. पोलिसाला आईच्या भावाचं नातं देणारी ही भाषा मला फार आवडते. भीतीचं माणूस नात्यात ओढलं की भीती निम्मी होते.

गाड्यांची नावं तर प्राण्यांची. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची तीनचाकी हॅन्सीट ही हॅम्बर्गच्या विडाल कारखान्याच्या आराखड्यावर बनलेली गाडी. तिचं पुढे आलेलं नाक पाहून लोकांनी तिला थेट ‘डुक्कर’ म्हटलं. त्याच जर्मन छापाचं नाव ‘टेम्पो’. ते मराठीत इतकं मुरलं की कुठल्याही कंपनीची मालगाडी टेम्पोच झाली. कंपनीनं पुढे फोर्स मोटर्स असं नाव घेतलं, टेम्पो मात्र टेम्पोच राहिला. 2005 साली टाटांची एस आली, ती ‘छोटा हत्ती’ बनली. वडापवाल्यांची खरी लक्ष्मी म्हणजे ट्रॅक्स आणि कमांडर. त्यांना टोपणनाव मिळालं नाही, कारण त्या दोघींचं मिळूनच नाव वडाप.

मराठीत शब्द घडवण्याची ही हौस जुनी आहे. व्यापारी आणि दलाल गिऱ्हाइकासमोर बोलताना नंदभाषा वापरत. तिच्यात तीन म्हणजे उधानू, पाच म्हणजे मुळू, दहा म्हणजे अंगुळू. विसोबा खेचरांच्या नावावर या आकड्यांत गुंफलेला एक अभंगही आहे. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायची करपल्लवी हा तिचाच मुका भाऊबंद. पण त्या भाषांचा हेतू लपवण्याचा होता; ऐकणाऱ्याला कळलं तर त्यांचं काम संपलं. वडापची भाषा त्याच्या उलट. ती चव्हाट्यावर ओरडली जाते आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दोन मैलांत कळते. म्हणून नंदभाषा कोशात उरली आणि वडाप रस्त्यावर आहे.

एसटीनंही वडापची दखल घेतली. ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही योजना म्हणजे वडापची रीत लाल गाडीनं उचललेली. 2021 च्या ऑक्टोबराच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या नोव्हेंबरात सरकारनंच अधिसूचना काढून खासगी वाहनांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. ज्या स्थानकापासून 200 मीटर लांब राहायचं, त्याच स्थानकातून खासगी गाड्या भरून निघाल्या.

नंतर वारं फिरलं. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि बाजारच्या दिवशी बायका लाल गाडीची वाट बघू लागल्या. शिटा भरायला वेळ लागू लागला. वडाप थांबलं नाही, कारण एसटीच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर तेवढंच राहिलं.

मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली. चेलाडीवरची हाक मात्र ‘आंबवणे, मार्गासनी, विंझर, वेल्हं’ अशीच लागते, आणि त्याला सोयीचं कारण आहे. ‘राजगड’ अशी हाक दिली, तर पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं ती गाडी गुंजवण्याला किंवा पालीला, गडाच्या पायथ्याला जाणारी समजून चढतील. तो रस्ता मार्गासनीला फुटतो, आणि त्याच्यासाठी वेगळं वडाप असतं.