उघड्या हातांचा झेल

हसनाबादसारख्या गावापासून गिरगावच्या चाळींपर्यंत गल्ली क्रिकेटचा एक नियम पोराटोरांना तोंडपाठ असतो: 'वन टिप, वन हँड'. एक टप्पा पडल्यावर चेंडू एका हातात पकडला की फलंदाज बाद. बेसबॉलचं बालपण याच्याच जवळपासच्या नियमावर गेलं. अमेरिकेत 1864 पर्यंत टप्पा पडून पकडलेला चेंडूही झेलच धरला जाई. 1865च्या हंगामापासून हद्दीतला चेंडू टप्प्याआधी झेलायचा असं ठरलं, आणि झेलण्याची तालीम ही चैन न राहता गरज झाली.

हात सोलवटू लागले, बोटं मोडू लागली. सेंट लुईसकडून खेळणाऱ्या चार्ली वेटनं 1875मध्ये चामड्याचा मोजा घातला, तोही अंगाच्या रंगाचा, कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. मोजा घालणं तेव्हा नेभळटपणाचं समजलं जाई. दोन वर्षांनी अल्बर्ट स्पॉल्डिंगनं काळा मोजा उघडपणे चढवला, आणि तो लपवण्याची गरज संपत गेली. 1920च्या सुमारास बिल डोक या पिचरनं अंगठा आणि तर्जनीमध्ये चामड्याच्या वाद्यांची जाळी बसवून घेतली. चेंडू तळहाताऐवजी त्या खोबणीत विसावू लागला.

क्रिकेटनं हा रस्ता घेतला नाही. यष्टिरक्षक सोडला तर कुणालाच मोजे नाहीत. चेंडू मात्र जास्त जड. बेसबॉलचा 142 ते 149 ग्रॅम, क्रिकेटचा 156 ते 163. मोज्याचं काम मग हातालाच शिकावं लागलं. चेंडू 10 सेंटिमीटरमध्ये थांबवला तर जेवढा मार बसतो, त्याच्या एक तृतीयांश मार तो 30 सेंटिमीटरमध्ये थांबवला तर बसतो. 'हात मागे ने, हात सैल सोड' हे प्रशिक्षकांचं ओरडणं या हिशेबाचं आहे.

या विद्येचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा कलावंत मुंबईचा, आणि त्याच्यामागे एक नड होती. साठच्या दशकात भारताकडे वेगवान गोलंदाज नव्हते. कर्णधार पतौडीनं फिरकीवर भिस्त ठेवली: प्रसन्ना, बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन. फिरकीवर उडालेला चेंडू बॅट-पॅडला लागून चार हातांवर पडतो. तिथं माणूस नसेल तर गोलंदाजाची सगळी मेहनत मातीत.

तो माणूस म्हणजे एकनाथ सोलकर. 1948चा जन्म, वडील मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्याचे माळी, घर मैदानातच, एका खोलीचं. पोरगा धावफलकाचे आकडे बदलायचा. मैदानातच वाढलेल्या मुलाला तालमीसाठी वेगळी वेळ काढावी लागत नाही, असं मला वाटतं. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय उभं राहून त्यानं नाव कमावलं: 27 कसोटींत 53 झेल. 23 ऑगस्ट 1971, गणेश चतुर्थीचा आदला दिवस, ओव्हलवर इंग्लंडविरुद्धची कसोटी. पहिल्या डावात 90 धावा काढणारा अ‍ॅलन नॉट वेंकटराघवनला खेळायला गेला आणि सोलकरनं पुढं झेपावत चेंडू जमिनीच्या जरासा वर उचलला. इंग्लंड 101 धावांत गारद. सहा बळी चंद्रशेखरचे, पण नॉटचा तो झेल विसरून भारताच्या त्या विजयाचा हिशेब लागत नाही.

पुढे दोन्ही वाटा एकत्र आल्या. 2000 नंतरच्या काळात ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघानं क्षेत्ररक्षणासाठी माइक यंग हा अमेरिकन बेसबॉल प्रशिक्षक आणला. चेंडू उचलताना पाय फेकीच्या दिशेनं आधीच वळलेले असावेत, ही बेसबॉलची शिस्त त्याच्याबरोबर क्रिकेटमध्ये आली.

आपल्या राज्याच्या शालेय स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. खेड्यातल्या शाळेत मोजे महाग पडतात, पण सुरुवात त्यांच्यावाचून करावी, असं माझं ठाम मत आहे. टेनिसचा चेंडू आणि शाळेची भिंत एवढं पुरतं. मुलानं भिंतीकडे तोंड करून तीन पावलांवर गुडघे वाकवून उभं राहायचं, जोडीदारानं त्याच्या मागून चेंडू भिंतीवर मारायचा. टेनिसचा चेंडू ताठर हातातून टणकन उसळून जातो, म्हणून चूक तिथल्या तिथं कळते. हात सैल झाले की मग डाव्या हातात मोजा द्यावा आणि चेंडू मोज्यातून उजव्या हातात घेऊन फेकण्याची घाई शिकवावी.