रकान्याची व्याख्या कोठे राहते? : खानदेशातील गावनमुने ते संगणकीय माहितीकोश

सातबाऱ्याच्या क्षेत्राच्या रकान्यात ‘१.२०’ असा आकडा लिहिलेला असेल, तर त्याचा अर्थ काय? रकाना एकर-गुंठ्यांचा असेल तर ती जमीन दीड एकर ठरते. हेक्टर-आरचा असेल तर तीच जमीन जवळजवळ तीन एकर भरते. आकडा खातेदाराच्या पानावर असतो, परंतु त्याला अर्थ देणारी व्याख्या त्या पानावर असतेच असे नाही. माहितीसंचाच्या शास्त्रात या व्याख्यांच्या संग्रहास ‘डेटा डिक्शनरी’ किंवा माहितीकोश म्हणतात. हा विषय संगणकशास्त्राचा मानला जातो. तथापि खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत, त्याचा इतिहास संगणकापेक्षा शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. रकान्याची व्याख्या कोण करतो, ती कोठे साठवतो आणि ती बदलली की कोणाचे काय जाते, हे प्रश्न येथील जमीन अभिलेखांत प्रथम उभे राहिले.

प्रतवारीचे कोष्टक

मुंबई इलाख्यातील जमीन पाहणीची पद्धत गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या अधिकाऱ्यांनी १८४७ च्या संयुक्त अहवालात निश्चित केली. जमिनीच्या कसासारखी गोष्ट, जी तोपर्यंत पाटील-कुलकर्ण्यांच्या व जाणत्या शेतकऱ्यांच्या अंदाजावर होती, ती या अहवालाने मोजक्या किमतींच्या चौकटीत बसविली. मातीचे तीन वर्ग, हातांत मोजलेली खोली आणि त्यांवरून ठरणाऱ्या नऊ प्रती. पहिल्या वर्गाची पावणेदोन हात खोल जमीन सोळा आण्यांची. त्याखाली चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि दोन आणे. चुनखड, वाळू, उतार, पाणी साचणे असे सात दोष ठरविलेले होते व प्रत्येक दोषागणिक प्रत एक पायरी उतरे. आधुनिक परिभाषेत सांगायचे तर हे ‘अनुमत किमतींचे क्षेत्र’ होय. या रकान्यात नऊच किमती येऊ शकतात. अकरा आणे ही किंमत संभवत नाही.

१८५२ साली ही पाहणी खानदेशात आली तेव्हा सावदा, फैजपूर, यावल व एरंडोल या परिसरात शेतकऱ्यांनी तिला मोठा विरोध केला आणि तो मोडण्यासाठी सरकारला लष्करी बळ वापरावे लागले. या उठावाची कारणमीमांसा सामान्यतः साऱ्याच्या दराच्या अंगाने केली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु दर ज्या प्रतीवर बसणार ती प्रत ठरविण्याचे कोष्टक गावाबाहेर तयार झालेले होते व त्यात गावाचा शब्द चालणार नव्हता, हीदेखील लहान बाब नव्हे.

‘रीत’ नावाचा रकाना

१९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, परंतु दोन्हींकडच्या तलाठी दप्तरांचा साचा एकच राहिला. त्या साच्याचे नियमपुस्तक अँडरसन यांनी सिद्ध केले. महसूल खात्यात आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. कोणत्या नमुन्यात कोणता रकाना, तो कोणी व केव्हा भरावयाचा, त्याचा मेळ दुसऱ्या कोणत्या नमुन्याशी बसला पाहिजे, हे सर्व त्यात सांगितलेले आहे. गाव नमुना एक म्हणजे आकारबंद, सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे अधिकार अभिलेख, आठ-अ म्हणजे खातेवही, बारा म्हणजे पिकांची नोंद. नोंदी गावात आणि व्याख्या पुस्तकात, अशी ही विभागणी होती.

या रकान्यांपैकी एकाची कथा विशेष उद्बोधक आहे. जुन्या बारा नमुन्यात पिकाबरोबरच ‘जमीन करणाराचे नाव’ व ‘रीत’ असे रकाने असत. स्वतः कसणे, मजुरांकडून कसून घेणे, रोख खंडाने किंवा पिकाच्या वाट्याने देणे, अशा प्रकारांना अंक ठरवून दिलेले होते. म्हणजे ‘रीत’ या रकान्यात तलाठी केवळ एक अंक लिही. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनंतर त्या अंकाचे मोल पालटले. जमीन कोण कसत होते याचा तो लेखी पुरावा ठरला. पुढे १९७१ च्या हक्कनोंदणी नियमांनंतरच्या नमुन्यातून हे रकाने गेले. अभिलेखातील व्यक्तीखेरीज दुसरे कोणी जमीन कसताना आढळल्यास तलाठ्याने वेगळ्या नमुन्यात तहसीलदारास कळवावे, अशी व्यवस्था आली. रकाना काढणे ही छपाईतील दुरुस्ती वाटते; वाट्याने कसणाऱ्याच्या दृष्टीने मात्र दरवर्षी आपोआप तयार होणारा पुरावाच त्यामुळे थांबला.

व्याख्या यंत्रात शिरते

संगणकाच्या आरंभीच्या काळात रकान्याची व्याख्या प्रत्येक कार्यक्रमाच्या आत लिहिलेली असे. कोबॉल भाषेत त्यासाठी स्वतंत्र विभागच होता. एकच धारिका दहा कार्यक्रम वापरत असतील तर व्याख्या दहा ठिकाणी, आणि एकीत बदल राहून गेला की घोटाळा. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानावर आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ ही प्रणाली उभी राहिली, तेव्हा व्याख्याही कोष्टकांतच ठेवण्यात आल्या. १९८५ साली कॉड यांनी जे बारा नियम सांगितले त्यांतील चौथा हाच आहे: माहितीचे वर्णन माहितीसारखेच साठवावे व त्याच भाषेत विचारता यावे.

पोस्टग्रेस या प्रणालीचे उदाहरण घेता येईल. तिच्या माहितीकोशात प्रत्येक कोष्टकाच्या प्रत्येक रकान्यासाठी एक ओळ असते: रकान्याचे नाव, प्रकार, लांबी, अनुक्रमांक, तो रिकामा चालेल की नाही. हा कोश स्वतःही एक कोष्टकच असल्याने त्याच्या स्वतःच्या रकान्यांच्या ओळीही त्यातच सापडतात. रकाना काढून टाकला तरी त्याची ओळ पुसली जात नाही; तिच्यावर ‘वगळलेला’ अशी खूण होते आणि तो क्रमांक दुसऱ्या रकान्यास दिला जात नाही. सातबाऱ्यावरील कमी झालेल्या नावास कंस करून ते वाचनीय ठेवण्याच्या तलाठ्यांच्या प्रथेशी याचे साम्य आहे. मात्र तलाठी नावास कंस करतो, रकान्यास नाही. नमुना बदलला की जुना रकाना नव्या कागदावर उरत नाही.

कोशात न मावणारे

जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिकरीत्या सुरू झाली; महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. खानदेशात ती नंतर पोहोचली. छापील पुस्तकाच्या तुलनेत यंत्रातील व्याख्येचा मोठा गुण असा की ती पाळावीच लागते. पुस्तकातील नियम तलाठी विसरू शकतो, परंतु योग्य बंधन घातलेल्या रकान्यात शंभर आर लिहिता येत नाहीत. गटातील क्षेत्रांची बेरीज आकारबंदाशी जुळते की नाही, हे तपासणेही सोपे झाले. २०१७ साली झालेल्या चावडी वाचनात संगणकीय सातबारे ग्रामस्थांपुढे वाचले गेले, २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले आणि २०२० साली सातबाऱ्याचा नमुना पुन्हा बदलला.

अडचण ‘इतर अधिकार’ या रकान्याची आहे. कर्जाचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, कुळाचे नाव, हस्तांतरणावरील निर्बंध हे सर्व त्यात एकत्र येते. माहितीकोशाच्या लेखी तो केवळ मजकुराचा रकाना आहे. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात याचे गांभीर्य अधिक. तेथे जमिनी बिगर-आदिवासींकडे गेल्याच्या प्रश्नावर १९७२ पासून शहाद्याच्या परिसरात श्रमिक संघटनेने लढा दिला आणि १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आले. या कलमाचा निर्बंध शेऱ्याच्या एका ओळीवर नोंदलेला असतो तेव्हा ती ओळ टंकताना राहिली तरी यंत्र कोणतीही चूक दाखवीत नाही, कारण मजकूर असणे हीच त्या रकान्याची व्याख्या. कोणता मजकूर, हे तिला ठाऊक नसते. बहुतेक प्रणालींत रकान्याचा अर्थ शब्दांत लिहून ठेवण्याची सोय असते, परंतु ती भरणे ऐच्छिक आहे आणि भरली तरी यंत्र तिची तपासणी करीत नाही.

अँडरसन यांच्या पुस्तकाने नेमके तेच काम केले होते. म्हणूनच जुन्या बारा नमुन्यातील ‘रीत’ या रकान्याखालचा अंक कुळाच्या दाव्यात पुढे येतो, तेव्हा त्याचा अर्थ लावण्यासाठी त्या पुस्तकाकडेच जावे लागते. अभिलेख कक्षात तो कागद सापडतो आणि त्याची स्कॅन प्रतही निघू शकते; त्या प्रतीत अंक स्पष्ट दिसतो, व्याख्या दिसत नाही.