शब्दांचे खेळ आणि इंग्रजीची वाट

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात जगबुडी नदीच्या काठी खेड हे गाव आहे. याच तालुक्यातील शेरवली येथे, आजोळी, 18 एप्रिल 1858 रोजी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. वाढले ते मुरुडास. सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी 1875 साली ते घाट चढून पायी साताऱ्यास गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परीक्षेस न बसताच परतले, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. तिच्या पुढचा भाग तितका कोणी सांगत नाही. मराठी शिक्षणानंतर इंग्रजीचा अभ्यास करून ते मॅट्रिक झाले ते 1881 साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी. पुढे गणिताचे प्राध्यापक झालेल्या या पुरुषाची बुद्धी मंद होती असे कोण म्हणेल? कोकणातील मुलास इंग्रजी भेटे तीच मुळी उशिरा, आणि भेटे तीही मोठ्या रुक्ष वेषात.

1835 साली कंपनी सरकारने इंग्रजी शिक्षणास राजाश्रय दिला. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून इंग्रजी म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे मुंबई, असे समीकरण कोकणात रूढ झाले. एका मुलाच्या स्पेलिंगवर साऱ्या घराची आशा टांगलेली असे. साधने अगदीच नव्हती असे नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आणि कँडीचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली प्रसिद्ध झाला होता. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर कित्येक पिढ्या पोसल्या. परंतु रीत एकच: शब्द, त्याचे स्पेलिंग, त्याचा अर्थ, आणि हे सारे घोकणे.

घोकंपट्टी इंग्रजांनी आणली असे मानणे मात्र चुकीचे होईल. अमरकोश मुखोद्गत करण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार होती. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचला गेला, तोही पद्यात. उत्तर हिंदुस्थानात फारसी शिकणारी मुले खालिकबारी नावाचा पद्यकोश पाठ करीत. पद्यामुळे शब्द स्मरणात राहतो, यात शंका नाही. पण तो राहतो आपल्या शेजाऱ्यांसह. मधलाच एखादा शब्द अवचित हवा झाला तर विद्यार्थ्यास सारी ओळ प्रारंभापासून म्हणावी लागते. खेळात नेमके उलटे घडते. तेथे शब्द रांगेने येत नाही. गरज पडेल तेव्हा तो मनातून शोधून काढावा लागतो. बोलताना आणि लिहितानाही माणसास हेच करावे लागते.

मराठी मुलांना शब्दांचे खेळ नवे नव्हते. कोडी होती, उखाणे होते, पावसाळ्यातील लांब रात्रींसाठी भेंड्या होत्या. परंतु आपले हे खेळ कानाचे आहेत. भेंडीत शेवटचे अक्षर घ्यावयाचे, आणि देवनागरीत जे ऐकू येते तेच बहुधा लिहिलेही जाते. इंग्रजीत तसे नाही. ‘टेबल’ हा शब्द कानाला ‘ल’ने संपतो, कागदावर मात्र ‘ई’ने. मराठी मुलाची अडचण नेमकी येथे आहे, आणि म्हणूनच इंग्रजांनी आपल्या मुलांसाठी काढलेले डोळ्यांचे खेळ आपल्या मुलांस अधिक उपयोगी पडतात.

अशा खेळांपैकी एकाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टी लिहिणारा लुईस कॅरोल हा ऑक्सफर्ड येथे गणित शिकवीत असे. 1877 च्या नाताळात, करमणुकीस काही नाही म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठी त्याने ‘डब्लेट्स’ हा खेळ रचला; 1879 साली तो ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकात येऊ लागला. एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत जावयाचे, दर पायरीस एकच अक्षर बदलावयाचे, आणि प्रत्येक पायरी हा खरा शब्द असला पाहिजे, एवढाच नियम. ‘हेड’पासून ‘टेल’पर्यंत, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत, जाण्याची वाट अशी: हेड, हील, टील, टेल, टॉल, टेल. श्रोत्यांच्या ध्यानी आलेच असेल की चौथा शब्द आणि सहावा शब्द देवनागरीत हुबेहूब सारखे झाले. पहिल्या ‘टेल’चा अर्थ सांगणे, दुसऱ्याचा शेपूट. हा भेद इंग्रजी अक्षरे पाहिल्यावाचून कळणारच नाही. दहा वेळा घोकूनही जो पक्का होत नाही तो येथे एका पायरीवर अडून पक्का होतो.

शब्दकोडे आले त्यानंतर. आर्थर विन याने 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रात पहिले कोडे छापले. आपल्याकडे त्याला बक्षिसांचे वेड चिकटले, आणि ते इतके वाढले की 1948 साली मुंबई सरकारला व 1955 साली मध्यवर्ती सरकारला कायदा करावा लागला. महिन्याला 1000 रुपयांहून अधिक बक्षिसे वाटणारी स्पर्धा निषिद्ध ठरली. शब्दकोडे म्हणजे जुगाराचे धाकटे भावंड, अशी समजूत झाल्यावर ते वर्गात कोण आणणार?

वर्गातील सुधारणेची भाषा मात्र त्याच्या आधीच सुरू झाली होती. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस असलेल्या पी. सी. रेन याने 1911 साली हिंदी शाळांतून इंग्रजी प्रत्यक्ष पद्धतीने, म्हणजे भाषांतरावाचून, कसे शिकवावे यावर पुस्तक लिहिले. दैवाची गंमत अशी की, आपल्या घरांतून त्याचे नाव राहिले ते ‘रेन आणि मार्टिन’च्या जाड व्याकरणामुळे, ज्याच्या धसक्याने कित्येक मुले इंग्रजीस दुरावली! पुढे 1965 साली डब्ल्यू. आर. ली याचे भाषाशिक्षणातील खेळांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि खेळ ही शिक्षकाने लाजावयाची गोष्ट राहिली नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. कर्व्यांच्या काळी जी भाषा मिसरूड फुटल्यावर भेटे, ती आता खेड तालुक्यातील वाडीवरच्या सहा वर्षांच्या मुलास भेटते. त्याच्या घरी ती कोणी बोलत नसेल, तर शाळेबाहेर तिचा कानाशी संबंध येणे दुरापास्तच. अशा मुलास व्याकरण देऊन काय उपयोग? जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर अक्षरे लिहून केलेले पत्ते त्याच्या अधिक कामाचे, आणि त्यांस खर्चही नाही.

खेळाने वाक्यरचना येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. चलाख मुले सारखी जिंकतात, आणि ज्याला शब्दांची खरी गरज तो कोपऱ्यात गप्प बसतो. यावर उपाय भेंड्यांतच सापडतो. दोन गट करावे, गटाने कुजबुजून शब्द ठरवावा, पण उठून तो फळ्यावर लिहावा मात्र पाळीपाळीने प्रत्येकाने. मग ‘टेबल’वर भांडण होणारच. समोरचा गट ‘लॅम्प’ म्हणेल, हा गट ओरडेल की ‘ई’ आला, ‘एग’ म्हणा. आणि ज्याने तो न ऐकू येणारा ‘ई’ फळ्यावर लिहिला, तो कोपऱ्यातला मुलगा त्या अक्षरावर बोट ठेवून उभा राहील.