उष्णकिरणाचे माप : कल्पित शस्त्र आणि संहितेचा हिशेब

कल्पित शस्त्राच्या सामर्थ्याचे वास्तव मापन करता येईल काय, हा प्रश्न वरकरणी पदार्थविज्ञानाचा वाटतो; वस्तुतः तो वाचनाचा प्रश्न आहे. असे शस्त्र अस्तित्वातच नसते; असते ते केवळ त्याच्या परिणामांचे वर्णन. त्यामुळे मापन परिणामाकडून कारणाकडे, असे उलट दिशेनेच करावे लागते.

एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीतील मंगळवासीयांचा उष्णकिरण अदृश्य आहे. मात्र त्याच्या स्पर्शाने शिसे वितळते, लोखंड मऊ पडते, पाण्याची तत्काळ वाफ होते. वेल्स पदार्थांची नावे घेतात, म्हणूनच हिशेब शक्य होतो. सामान्य तापमानाच्या एक टन पाण्याची वाफ करण्यास सुमारे २६०० मेगाजूल उष्णता लागते. हे एका सेकंदात घडते असे मानल्यास किरणाची शक्ती २६०० मेगावॉट ठरते. परंतु ‘एक टन’ आणि ‘एक सेकंद’ ही दोन्ही गृहीतके वाचकाची आहेत. संहितेने सोडलेली रिक्त जागा आपण भरतो आणि उत्तराला वस्तुनिष्ठ म्हणतो.

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात अख्खा ग्रह क्षणार्धात फुटतो. तो पृथ्वीएवढा मानल्यास, त्याचे तुकडे कायमचे विखुरण्यास किमान सूर्याच्या सुमारे आठवडाभराच्या उत्सर्जनाइतकी ऊर्जा हवी. येथे आकडा प्रचंड होतो, पण अर्थ आटतो. कारण पदार्थाची जागा दृश्याने घेतलेली असते.

पहिला लेसर १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पुढे २०१० मध्ये अमेरिकेने विमानावर बसवलेल्या, मेगावॉटच्या घरातील शक्तीच्या रासायनिक लेसरने उड्डाणावस्थेतील क्षेपणास्त्र नष्ट केले. २०११ मध्ये तो प्रकल्प रद्द झाला. एक मेगावॉटचा असा किरण सर्वच्या सर्व शोषला गेला, तरी तेवढ्याच पाण्याची वाफ व्हायला सुमारे ४३ मिनिटे लागतील. शिवाय इंधन वाहून न्यावे लागते, निरुपयोगी उष्णता बाहेर टाकावी लागते आणि किरण एकाच बिंदूवर काही काळ स्थिर ठेवावा लागतो. कल्पित किरणाला यांपैकी कशाचीच किंमत मोजावी लागत नाही.

ही किंमतशून्यता केवळ वैज्ञानिक त्रुटी आहे काय? कादंबरीच्या आरंभीच वेल्स युरोपीय वसाहतवाल्यांनी केलेल्या टास्मानियातील मूलनिवासींच्या संहाराचे स्मरण देतात. पुस्तक निघाले त्याच वर्षी सुदानमधील ओमदुर्मान येथे मॅक्सिम तोफांसह आलेल्या ब्रिटिश-इजिप्शियन फौजेने सुमारे दहा हजार सैनिक मारले. तिचे स्वतःचे सुमारे पन्नास मेले. मारणाऱ्याला जवळजवळ काहीच मोजावे न लागणे, हा अनुभव तेव्हाच्या जगाला अपरिचित नव्हता. वेल्स यांनी तो फक्त इंग्लंडवर उलटवला. उष्णकिरणाचे खरे माप मेगावॉटमध्ये नाही. ते या गुणोत्तरात आहे.