वर्गणीची वही

दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातला मोठा वाटा मिळावा म्हणून स्कॉटलंडमधील बड्या फुटबॉल क्लबांनी 1998 मध्ये प्रीमियर लीगची वेगळी चूल मांडली. 2012 मध्ये त्यांतल्याच रेंजर्सची कंपनी अवसायनात निघाली. नव्या कंपनीला वरच्या श्रेणीत जागा देण्यास प्रेक्षकांचा कडवा विरोध होता. अखेर जुन्या लीगच्या 30 पैकी 25 क्लबांनी तिला थेट चौथ्या श्रेणीत धाडले. 2013 मध्ये दोन्ही चुली पुन्हा एक झाल्या. त्याच वर्षी कर्जात बुडालेला एडिंबराचा हार्ट्स क्लब प्रशासकाच्या हाती गेला. हजारो चाहत्यांनी दरमहा वर्गणी भरून तो तारला. 2021 मध्ये बहुतांश समभाग त्यांच्या संस्थेच्या नावे झाले. लीगची फेररचना ठरावाने होते. मालकीच्या फेररचनेला मात्र वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. क्लबांचा इतिहास लिहिताना आपण चषक मोजतो, ही वर्गणीची वही क्वचितच उघडतो.